रात्रीची झाडलोट आणि हरवलेले कागद



इतिहास म्हटला की आपल्यापुढे बांधणारी माणसे उभी राहतात. किल्ला कोणी बांधला, गिरणी कोणी काढली, यंत्र कोणी शोधले, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. झाडणाऱ्यांचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही. वास्तविक काय ठेवायचे आणि काय कचऱ्यात टाकायचे, हा निवाडा प्रत्येक घरात, कारखान्यात, कचेरीत रोज कोणीतरी करीत असतो. आणि बहुधा त्या निवाड्यावर कोणाची सही नसते.

आजचा आमचा विषय अशाच एका झाडलोटीचा आहे. फरक एवढाच की येथे झाडणारा माणूस नसून यंत्र आहे. दूरगावचा कागद तारेवरून उतरवून घेणारे फॅक्सचे यंत्र, पुढे त्याची जागा घेणारा लिनक्सवर चालणारा संगणक, आणि त्या संगणकात रोज पहाटे ठरल्या वेळी जुन्या फाइली पुसून टाकणारी व्यवस्था, या तिघांची ही हकीगत आहे. विषय तांत्रिक वाटेल. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न गिरणीतल्या बदली कामगारालाही कळण्यासारखा आहे. कागद गहाळ झाला तर जबाब कोणी द्यायचा?

फॅक्स हे विसाव्या शतकाच्या अखेरचे यंत्र, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. अलेक्झांडर बेन नावाच्या एका स्कॉटिश घड्याळजीने १८४३ साली याचे पेटंट घेतले. ग्रॅहॅम बेलच्या टेलिफोनचे पेटंट १८७६ चे. म्हणजे तारेवरून आवाज जाण्याच्या तेहतीस वर्षे आधी तारेवरून अक्षराची प्रतिमा पाठविण्याची कल्पना एका कारागिराच्या डोक्यात पक्की झाली होती. दोन टोकांना दोन लंबक एकाच तालात हलवायचे, इकडचा लंबक अक्षरावरून सरकला की तिकडे रसायन लावलेल्या कागदावर खूण उमटायची, ही त्याची युक्ती. घड्याळजीला लंबकच सुचणार! पुढे फ्रेडरिक बेकवेल या इंग्रजाने १८४८ साली लंबकाऐवजी फिरते नळकांडे आणले. इटलीतील जिओव्हानी कासेली या धर्मोपदेशकाने बांधलेले पॅन्टेलिग्राफ नावाचे यंत्र १८६५ साली पॅरिस आणि लियाँ या शहरांच्या दरम्यान लोकांसाठी खुले झाले. त्याचा एक उपयोग मोठा लक्षात ठेवण्यासारखा आहे: पेढ्यांचे लोक त्यावरून सह्या पडताळून पाहत. फॅक्सचा जीव पहिल्यापासून सहीत होता, हे यावरून दिसते.

त्यानंतर शंभर वर्षे हे यंत्र वर्तमानपत्रांची छायाचित्रे आणि हवामानखात्याचे नकाशे यांच्यापुरते राहिले. १९६६ साली झेरॉक्स कंपनीने टेबलावर मावेल असे यंत्र आणले. पण एका पानाला सुमारे सहा मिनिटे लागत. खरा पालट झाला तो १९८० साली. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय दूरसंचार समितीने तिसऱ्या गटाचे म्हणून ओळखले जाणारे नियम ठरवून दिले. कोणत्याही कंपनीचे यंत्र कोणत्याही दुसऱ्या यंत्राशी बोलू लागले आणि पान मिनिटाभरात जाऊ लागले. या नियमांत एक कलम असे की, पान पोचल्यावर घेणाऱ्या यंत्राने पाठविणाऱ्या यंत्राला तशी पोच द्यावी. पाठविणाऱ्याच्या हाती जी छापील चिठ्ठी येते, तारीख, वेळ, क्रमांक, पाने आणि शेवटी ‘ओके’, ती या कलमाची लेक.

ही चिठ्ठी आम्हा युनियनवाल्यांना किती मोलाची होती हे सांगितले पाहिजे. तार बहुधा इंग्रजी अक्षरांत जाई, शब्द मोजून पैसे पडत, आणि सही तर जाणे शक्यच नव्हते. (आपल्या देशातली ती तारही जुलै २०१३ मध्ये बंद झाली.) फॅक्सवरून मात्र मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलेला अर्ज जसाच्या तसा, अंगठ्यासकट जाई. साहेबाने ‘मला कागद मिळाला नाही’ म्हटले की आम्ही चिठ्ठी पुढे करीत असू.

आता यंत्राकडून संगणकाकडे येऊ. मोठ्या कचेरीत दहा टेबलांवर दहा यंत्रे ठेवण्यापेक्षा एकाच संगणकाला टेलिफोनची लाइन जोडून सर्वांचे कागद त्याच्यामार्फत पाठवावेत, ही कल्पना १९९० नंतर फैलावली. सॅम लेफलर हा बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सवर काम केलेला जाणकार सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकन कंपनीत असताना त्याने फ्लेक्सफॅक्स नावाचा प्रोग्रॅम लिहिला. पुढे त्याचेच नाव हायलाफॅक्स झाले. हा प्रोग्रॅम त्याने उघडा ठेवला. ज्याला हवा त्याने घ्यावा, वाचावा, सुधारावा. त्याच सुमारास, १९९१ साली, फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून तोही असाच उघडा केला. दोहोंची जोडी जमली. जुना संगणक, एक मोडेम आणि फुकटचा प्रोग्रॅम, एवढ्यावर कचेरीचा फॅक्स चालू लागला.

या फॅक्स-सर्व्हरची आतली मांडणी पोस्टऑफिससारखी आहे. एक कारकून खिडकीवर बसून कागद घेतो. दुसरा रांग लावतो आणि कोणाचा कागद आधी जायचा ते ठरवितो. तिसरा टेलिफोनच्या लाइनीवर कान लावून बसलेला असतो. घंटी वाजली की तो आलेला कागद उतरवून घेतो. हे तिघे म्हणजे तीन वेगवेगळे प्रोग्रॅम. त्यांच्यामागे कप्प्यांचे एक कपाट आहे. एका कप्प्यात जाणारे कागद, एकात पाठवून झालेली कामे, एकात आलेले कागद, एकात दर संभाषणाची नोंद. पण याच कपाटात आणखी दोन कप्पे आहेत, आणि आमची सगळी कथा त्या दोहोंवर उभी आहे. एकात मोडेमची व लाइनीची मांडणी लिहिलेल्या फाइली असतात. दुसऱ्यात लहान लहान हस्तक-प्रोग्रॅम असतात: कोणी जाणाऱ्या कागदाचे रूप बदलतो, कोणी पाठविणाऱ्याला निरोप देतो, आणि एक जण कागद आला की छपाईयंत्राकडे किंवा टपालात त्याची वर्दी देतो. थोडक्यात, रोजची रद्दी आणि वर्षानुवर्षे लागणारी हत्यारे एकाच कपाटात नांदतात. आणि त्या कपाटावर पाटी आहे ‘स्पूल’, म्हणजे येत्याजात्या मालाची जागा.

आता झाडणाऱ्याची ओळख करून घेऊ. युनिक्स ही प्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केली. तिच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत ‘क्रॉन’ नावाचा एक प्रोग्रॅम होता. हा संगणकातला पहारेकरी. तो ठरावीक वेळाने जागा होतो, एका तक्त्याकडे पाहतो आणि त्या मिनिटाला काही काम नेमलेले असेल तर ते सुरू करून देतो. तक्त्यात मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असे पाच रकाने, आणि पुढे हुकूम. लिनक्सवर पुढे जो क्रॉन रुळला तो पॉल व्हिक्सी याने १९८७ साली लिहिलेला.

झाडलोट मुळात अन्यायाची नव्हती, हे आम्ही प्रथम कबूल करतो. त्या काळच्या संगणकाच्या एका तबकडीत जेमतेम अडीच मेगाबाइट मावत. आज एका छायाचित्राला तेवढी जागा पुरत नाही. जागा भरली की यंत्र अडे. तेव्हा जुने ते काढून टाकणे भागच होते. हायलाफॅक्सबरोबर म्हणूनच दोन झाडूवाले येतात. पहिला, पाठवून झालेली कामे पंधरा मिनिटांनी आणि त्यांचे कागद तासाभराने काढून टाकतो. दुसरा, आलेले कागद सात दिवसांनी आणि संभाषणाच्या नोंदी तीस दिवसांनी. हे आकडे मूळ नेमणुकीचे. ज्याला बदलायचे त्याने बदलावेत. याखेरीज लिनक्सचे स्वतःचे झाडूवाले निराळेच. तात्पुरत्या फाइलींच्या जागेत दहा दिवस पडून राहिलेली वस्तू उचलावी, असा नियम पूर्वीही होता आणि आजच्या पुष्कळ लिनक्स प्रणालींतही आहे.

यात मर्म कुठे आहे ते पाहा. यंत्र वस्तूची किंमत पाहत नाही, वय पाहते. ‘इतके दिवस हात लागला नाही, अर्थात नको असलेली’ एवढेच त्याचे तर्कशास्त्र. आता आपल्या घरातला विचार करा. वर्षानुवर्षे ज्याला कोणी हात लावीत नाही अशी वस्तू कोणती? घराचे खरेदीखत! रोज हाताळली जाते ती भाजीची पिशवी. वयावरून झाडायला घेतले तर पिशवी राहील आणि खरेदीखत जाईल. कारखान्यात या बाबतीत अधिक शहाणपण होते. कापडगिरणीच्या जमिनीवरून झाडलेला कापूससुद्धा कोणी सरसकट फेकीत नसे. तो निवडला जाई, प्रतवारी होई, विकला जाई. झाडण्याआधी निवडणे हा नियम मुकादमाला ठाऊक होता. यंत्राला तो कोणी सांगितला नाही.

याचे फळ काय होते, ते आम्ही एका प्रकरणात जवळून पाहिले. साल २००९. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिथला एक कामगार रजेवर कोकणात आपल्या गावी गेला आणि काविळीने अंथरुणाला खिळला. त्याच्या भावाने तालुक्याच्या गावी टेलिफोन-बूथवरून डॉक्टरांचा दाखला फॅक्सने पाठविला. मंगळवारची रात्र, आठ वाजून चाळीस मिनिटे, एक पान, ‘ओके’. चिठ्ठी भावाने जपून ठेवली. तीन आठवड्यांनी कामगार कामावर परतला तो त्याचे नाव मस्टरवरून कमी केलेले. कचेरी म्हणे, दाखला आलाच नाही. चिठ्ठी पुढे केल्यावर कचेरीने भूमिका बदलली: आला असेल तर रात्रपाळीच्या ऑपरेटरने तो दाबला. ऑपरेटरला निलंबित करून त्याच्यावर आरोपपत्र ठेवण्यात आले. दोघेही आमचेच सभासद. दोघांचीही भाकर एका पानावर टांगलेली. आणि वाईट असे की, दोघांचा एकमेकांवर संशय. “दादा, त्याने माझा कागद फाडला,” असे हा म्हणे. “दादा, मशीनमधून कागद निघालाच नाही, मी कुठून आणू?” असे तो म्हणे. मालकाला काही न करता युनियन दुभंगण्याची ही तयारी होती.

खातेनिहाय चौकशीत ऑपरेटरचा बचाव आमच्याकडे आला. आम्ही संगणकाचे शिक्षण घेतलेले नाही. पण चौकशी कशी करावी हे तीस-चाळीस प्रकरणांत शिकलो होतो. कोणती वस्तू, कोणत्या वेळी, कोणाच्या हुकमाने, हे तीन प्रश्न सोडायचे नाहीत. संगणक खात्यातला एक तरुण मुलगा आम्हाला मदतीला मिळाला. तो प्रत्येक उत्तरानंतर “काका, हे शक्य नाही” म्हणे, आणि पुढच्या उत्तराला स्वतःच थक्क होई.

पहिली तपासणी: कागद आला होता का? आलेल्या कागदांच्या कप्प्यात तो नव्हता. परंतु फॅक्स-सर्व्हर प्रत्येक येण्याजाण्याची एकेक ओळ एका मोठ्या नोंदवहीत लिहीत असतो. तिथे ओळ सापडली: मंगळवार, तीच वेळ, एक पान, पाठविणाऱ्या यंत्राची ओळख बूथच्या क्रमांकाशी जुळती. म्हणजे कोकणातला भाऊ खरे बोलत होता.

दुसरी तपासणी: मग कागद गेला कुठे? सात दिवसांहून जुने आलेले कागद काढणारा झाडूवाला रोज चालत होता. आमची चौकशी सुरू झाली तेव्हा मंगळवारला तीन आठवडे लोटलेले. तो कागद आठ-नऊ दिवसांतच नियमाप्रमाणे गेला. बरे, नियमाप्रमाणे जायला हरकत नाही. पण जाण्यापूर्वी तो छापला का गेला नाही?

तिसरी तपासणी: कागद आला की वर्दी देणारा हस्तक-प्रोग्रॅम त्याच्या कप्प्यात आहे का? नव्हता. जागा रिकामी होती. त्या मंगळवारनंतर आलेल्या प्रत्येक कागदाच्या वेळी संगणकाच्या सर्वसाधारण नोंदीत ‘चालविता आला नाही’ अशी तक्रार उमटलेली होती. ती वाचायला कोणी नेमलेले नव्हते. लाइनीवर कान लावून बसलेला कारकून मात्र आपल्या जागी शाबूत होता, कारण त्याचे घर दुसऱ्या कपाटात आणि त्याला लागणारी मांडणी त्याने सुरुवातीलाच वाचून स्मरणात ठेवलेली. त्यामुळे तो इमानेइतबारे कागद उतरवून घेई, पाठविणाऱ्याला पोच देई, आणि कागद कप्प्यात ठेवी. पुढे कोणाला वर्दीच जात नव्हती.

चौथी तपासणी: वर्दी देणारा गेला केव्हा? लिनक्समध्ये कप्प्यातून एखादी फाइल काढली की त्या कप्प्यावर बदलाची वेळ उमटते. ज्या एका कप्प्याला नंतर कोणी हात लावला नव्हता, त्याच्यावर वेळ होती त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारची, पहाटे चार वाजून दोन मिनिटे. पहारेकऱ्याची वही उघडली. त्याच मिनिटाला रोजच्या कामांचा हुकूम सुटलेला. त्या कामांत एक नवी ओळ कोणीतरी घातली होती. तिचा मथितार्थ असा: स्पूलच्या कपाटात तीस दिवसांपेक्षा जुने जे जे असेल ते ते पुसून टाक. डिस्क भरत आली होती म्हणून ही ओळ घातलेली. रोजचे कागद नवे, म्हणून वाचले. मोठी नोंदवही रोज लिहिली जाते, म्हणून तीही वाचली. गेली ती फक्त जुनी हत्यारे.

पाचवी तपासणी: सोमवारी हे कोणाला कळले नाही का? कळले, पण अर्धे. सोमवारी सकाळी जाणारे फॅक्स बंद पडले तेव्हा साहेबलोकांचे काम अडले आणि आरडाओरड झाली. बाहेरचा ठेकेदार आला. त्याने मांडणी नव्याने केली, जाणाऱ्या कागदांसाठी जे जे अडत होते ते ते एकेक करून जागेवर आणले, संध्याकाळी एक फॅक्स पाठवून पाहिला आणि सही घेऊन गेला. येणाऱ्या कागदांच्या बाजूने कोणीच ओरडले नव्हते. कारण जो कागद आलाच नाही असे वाटते, त्याची आठवण कोणाला येणार?

यातली एक गोष्ट आजही आमच्या अंगावर काटा आणते. पहारेकऱ्याची वहीसुद्धा कायमची नसते. लिनक्सच्या नेहमीच्या व्यवस्थेत अशा वह्या दर आठवड्याला पालटतात आणि चार आठवड्यांपलीकडच्या टाकून दिल्या जातात. आम्ही आणखी दहा दिवस तारखा घेत बसलो असतो तर झाडणाऱ्याचा माग लावणारी वहीही झाडली गेली असती. त्या दोन माणसांचे निर्दोषत्व असे दहा दिवसांच्या अंतरावरून निसटता निसटता वाचले.

आरोपपत्र मागे घेतले गेले, कामगाराचे नाव मस्टरवर परत आले, निलंबनकाळाच्या पगारासाठी आणखी आठ महिने भांडावे लागले. दोघे पुन्हा एका डब्यातून जेवू लागले, हा आमचा खरा विजय. एक प्रश्न मात्र शेवटपर्यंत अनुत्तरित राहिला: ती ओळ कोणाच्या हुकमाने घातली? ओळीवर नाव नव्हते. फाइल उघडणाऱ्या कारकुनाचे नाव, पाळीवरच्या ऑपरेटरचे नाव, ठेकेदाराचे नाव, सारे नोंदलेले. ज्याने ‘जुने ते टाका’ म्हटले त्याचे नाव तेवढे कुठे नाही. खालच्याची सही असते, वरच्याचा नियम असतो. नियमाला कोणी आरोपपत्र देत नाही.

हा दोष संगणकाने आणला असे कोणी समजू नये. तो यंत्राहून फार जुना आहे. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात शेकडो वर्षे हिशेब लाकडी काठ्यांवर ठेवीत. रकमेप्रमाणे काठीवर खाचा पाडायच्या आणि ती उभी चिरून अर्धी देणाऱ्याने, अर्धी घेणाऱ्याने जपायची. वाद पडला की दोन्ही अर्धुके जुळवायची. म्हणजे एकट्याला फसविता येत नसे. १८२६ साली ही पद्धत संपली आणि काठ्यांचे ढीग उरले. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी हुकूम सुटला की त्या जाळून टाका. दोन मजुरांनी दिवसभर लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत त्या कोंबल्या. धुराडी तापली आणि रात्री पार्लमेंटची दोन्ही सभागृहे जळून गेली. जुने ते टाकताना कुठे टाकतो आहोत आणि शेजारी काय आहे, हे पाहिले नाही म्हणजे असे होते.

दुसरे उदाहरण आपल्या हयातीतले. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीज बेटांतून हजारो मजूर ब्रिटनमध्ये कामाला गेले. १९४८ साली त्यांना घेऊन गेलेल्या ‘एम्पायर विंडरश’ या बोटीवरून त्या पिढीलाच विंडरश म्हणतात. ते उतरले तेव्हाच्या नोंदीची कार्डे ब्रिटिश गृहखात्यापाशी होती. २०१० साली ती नष्ट करण्यात आली. पुढे कायदे कडक झाले, आणि पन्नास पन्नास वर्षे तिथे राबलेल्या माणसांना ‘तुम्ही केव्हा आलात ते सिद्ध करा’ असे विचारले जाऊ लागले. कोणाची नोकरी गेली, कोणाचे औषधपाणी थांबले, कोणाला देशाबाहेर घालविले. २०१८ साली हे सारे चव्हाट्यावर आले. कार्डे टाकणाऱ्यालाही जागाच मोकळी करायची असेल. परंतु जागा मोकळी झाली ती सरकारची, आणि पुरावा गेला तो मजुराचा.

आपल्या महाराष्ट्राला ही गोष्ट नव्याने सांगायला नको. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरची दफ्तरे गोळा करीत होते, आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड निघाला, तो ज्यांना रद्दी म्हणत अशा कागदांतून. कोणता कागद उद्या बोलेल हे आज सांगता येत नाही. म्हणून कागद नष्ट करण्यालाही कायद्याचे बंधन हवे, हे राज्यकर्त्यांनाही पटले. १९१७ साली अभिलेख नष्ट करण्यासंबंधी कायदा झाला. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना नियमाबाहेर कागद नष्ट करण्याची मनाई केली आणि तसे करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची, किंवा दोन्हींची तरतूद केली. २००५ चा महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आहे. पण खाजगी कचेरीतल्या संगणकात पहाटे चार वाजता चालणाऱ्या एका ओळीपर्यंत हे कायदे पोचत नाहीत. तिथे आपणच पोचले पाहिजे.

पोचायचे म्हणजे काय करायचे? आमच्या अनुभवाचे सार थोडके आहे. झाडण्याचा हुकूम देण्यापूर्वी तो काय काय उचलणार याची नुसती यादी काढून पाहावी. लिनक्सला तशी यादी मागता येते, ती फुकट मिळते आणि ती वाचायला पाच मिनिटे लागतात. केवळ वयावरून झाडू नये. वस्तूची जात पाहून झाडावे, आणि हत्यारांच्या कप्प्याला झाडू लावूच नये. काय टाकले त्याची नोंद टाकलेल्या वस्तूपेक्षा जास्त दिवस टिकली पाहिजे. जपलेली प्रत आहे असे म्हणून भागत नाही. ती परत लावून पाहिली पाहिजे. दुरुस्ती झाल्यावर जाणारी बाजू तपासावी तशी येणारी बाजूही तपासावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, हुकमाच्या ओळीशेजारी हुकूम देणाऱ्याचे नाव व तारीख लिहिलेली असावी. हे शेवटचे काम लिनक्समध्ये अगदी सोपे आहे. ओळीच्या आधी एक चिन्ह घालून हवे ते लिहिता येते. यंत्र ते सोडून देते, माणूस वाचतो.

कामगार बंधुभगिनींना आणखी एक सांगणे आहे. पोचेची चिठ्ठी म्हणजे चिरलेल्या काठीचे अर्धे अंग. ‘ओके’चा अर्थ यंत्राला कागद मिळाला, माणसाला मिळाला असा नव्हे. दुसरे अर्धे अंग समोरच्याच्या वहीत असते आणि त्या वहीलाही वय असते. तेव्हा महत्त्वाचा कागद पाठविला की दुसऱ्या दिवशी माणसाला विचारा, त्याचे नाव लिहून ठेवा, आणि वाद उभा राहिलाच तर पहिल्या आठवड्यातच लेखी मागणी करा की संबंधित नोंदी झाडू नयेत.

फॅक्सचे दिवस आता भरत आले आहेत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१८ साली नवी फॅक्सयंत्रे घेण्यास बंदी केली. आपल्याकडेही ती कोपऱ्यात धूळ खात पडली आहेत. परंतु फॅक्स गेला तरी झाडणारा गेलेला नाही. आज आपली हजेरी संगणकात, पगारपत्रक संगणकात, भविष्यनिर्वाह निधीची नोंद संगणकात, रजेचा अर्ज मोबाइलवरून. या प्रत्येक कपाटामागे एक पहारेकरी तक्ता घेऊन उभा आहे आणि त्या तक्त्यात कोणीतरी दिवसांचा आकडा घातलेला आहे: सात, तीस, नव्वद. तो आकडा आपल्याला विचारून घातलेला नाही. उद्या कामावर जाल तेव्हा आपल्या कचेरीत एवढेच विचारा: आमचे कागद किती दिवस राहतात, ते कोण काढतो, आणि हे ठरविले कोणी? उत्तर तोंडी मिळाले तर लेखी मागा. आणि लेखी मिळाले की त्याची एक प्रत घरी, पत्र्याच्या पेटीत, खरेदीखताशेजारी ठेवा.